सहाणेवरचा बदाम: बाळाला सुका मेवा कधी, कसा, किती

इंदूरच्या सुदामानगरातल्या एका आईचा प्रश्न आहे. मुलगी साडेसहा महिन्यांची. येत्या रविवारी उष्टावण आहे, मामा देवासहून चांदीची वाटी घेऊन येणार आहे आणि सासूबाईंनी तांदळाच्या खिरीत काजू, बदाम, पिस्ता, चारोळी, वर जायफळ असा बेत ठरवलाय. शेजारच्या काकू म्हणतात, तीन वर्षांपर्यंत मेव्याला हात लावू नका. सासूबाई म्हणतात, "आमच्या वेळी दहाव्या दिवसापासून बदाम उगाळून द्यायचो, काय झालं?" त्यात मोठ्या नणंदेच्या तीन वर्षांच्या मुलीला गेल्या दिवाळीत काजूकतली खाल्ल्यावर दहा मिनिटांत ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, दोनदा उलटी झाली. ॲलर्जीचं सिरप दिलं, संध्याकाळपर्यंत ती खेळायला लागली, म्हणून डॉक्टरांकडे कुणी नेलं नाही. बाळाला हिवाळ्यात गालावर आणि कोपराच्या घडीत थोडे कोरडे चट्टे येतात. एवढं सगळं सांगून त्यांनी विचारलंय: मेवा द्यायचा की नाही, आणि द्यायचा तर कसा?

द्यायचा, आणि आत्ताच सुरू करायचा. रविवारच्या खिरीतून मात्र नाही.

आधी शेजारच्या काकूंबद्दल, कारण त्यांची चूक माझीच आहे. मी इंदुरात बालरोगतज्ज्ञ म्हणून बसायला लागले तेव्हा आम्ही सगळे हेच सांगायचो. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2000 साली सल्ला दिला होता की घरात ॲलर्जी असेल त्या बाळांना दाणे, मेवा, मासे तीन वर्षांपर्यंत देऊ नयेत. 'घरात ॲलर्जी असेल तर' हे शब्द वाटेत कुठेतरी गळाले आणि सरसकट सगळ्यांनाच तीन वर्षं सांगितली गेली. मीही सांगितली, प्रिस्क्रिप्शनवर लिहूनसुद्धा दिली. थांबल्याने ॲलर्जी टळते याला पुरावा नाही असं म्हणून त्या संघटनेने 2008 साली तो सल्ला मागे घेतला. पण कागदावरचा सल्ला मागे घेता येतो, कॉलनीतला नाही. तो अजून फिरतोय.

2008 मध्येच आणखी एक गोष्ट पुढे आली. इंग्लंडमधल्या ज्यू मुलांमध्ये शेंगदाण्याची ॲलर्जी इस्राएलमधल्या ज्यू मुलांपेक्षा जवळपास दहापट दिसली. वंश साधारण तोच, पण इस्राएलमध्ये बाळं सात-आठ महिन्यांची असतानाच दाण्याचे तोंडात विरघळणारे कुरमुरे चघळतात. मग लंडनमध्ये 4 ते 11 महिन्यांच्या 640 बाळांवर मोठी चाचणी झाली. सगळी जोखमीची, कुणाला तीव्र एक्झिमा, म्हणजे कोरडी, खाजरी, फुटणारी कातडी, तर कुणाला अंड्याची ॲलर्जी. निम्म्यांना दाणे नियमित दिले, निम्म्यांना पाच वर्षं दिलेच नाहीत. निकाल 2015 मध्ये आला. सुरुवातीच्या त्वचा-चाचणीत दाण्याची ॲलर्जी न दिसलेल्या बाळांपैकी, ज्यांना दाणे दिले नव्हते त्यांच्यात पाच वर्षांच्या वयाला 13.7 टक्के मुलांना ॲलर्जी निघाली. खाणाऱ्यांमध्ये 1.9 टक्के. त्या आकड्यांनी आमचं शिक्षण उलटं केलं.

हा पुरावा शेंगदाण्याचा आहे. शेंगदाणा वनस्पतीशास्त्रात मेवा नाही, तो तूर-मुगाचा भाऊबंद. बदाम-काजू-अक्रोड झाडावरचे. त्यांच्यावर इतकी भक्कम चाचणी झालेली नाही, सल्ला बराचसा शेंगदाण्यावरून पुढे नेलेला आहे. तरी उशीर केल्याने फायदा होतो असं काहीच दिसत नाही, आणि शरीर कसं चालतं हे बघितलं तर लवकर देण्यातच अर्थ आहे.

शरीराला एखादा पदार्थ पहिल्यांदा कुठून भेटतो, यावर पुढचं बरंच ठरतं. तोंडातून, पोटातून आला तर प्रतिकारशक्ती साधारणपणे त्याला घरचा समजते. फाटलेल्या, खाजऱ्या कातडीतून आत शिरला तर तीच यंत्रणा त्याला चोर समजून नाव लिहून ठेवते, आणि पुढे तो पदार्थ खाल्ल्यावर हल्ला करते. म्हणूनच एक्झिमाच्या बाळांना अन्नाची ॲलर्जी जास्त होते. आता आपल्या घरांकडे बघा. बाळाला तीन वर्षं बदाम खायला द्यायचा नाही, पण रोज सकाळी बदामाच्या तेलाने रगडून मालिश करायची! माळव्यातला डिसेंबर-जानेवारी, कोरडी थंडी, गाल फुटलेले, आणि त्यावर बदामाचं तेल. कातडीला ओळख करून दिली आणि पोटाला नाही. तुमच्या मुलीला चट्टे येतात, तेव्हा बदाम तेल बंद करा, सरसोंचं तर मुळीच नको, ते कातडीला आणखी चुरचुरवतं. साधं खोबरेल चालेल. त्याहून बरं म्हणजे आंघोळीनंतर तीन मिनिटांच्या आत, अंग ओलसर असतानाच बिनवासाचं जाड मॉइश्चरायझर. आणि स्वतः काजू खाल्ल्यावर हात धुऊन मगच बाळाचे गाल कुरवाळा.

आता सासूबाई. त्यांची सहाण बरोबर आहे, वेळ चुकली होती.

दहाव्या दिवसाची गुटी मला मान्य नाही, आणि हे मी आज्यांना तोंडावर सांगते. सहा महिने फक्त अंगावरचं दूध, पाणीसुद्धा नाही. गुटीत वेखंड असतं, जायफळ असतं. जायफळाने बाळ झोपतं म्हणून आज्या खूश होतात, पण ती गुंगी असते. त्यावर मधाचं बोट चाटवलं जातं. मधातून येणाऱ्या जंतूच्या बीजाणूंमुळे वर्षाखालच्या बाळाला बॉट्युलिझम नावाचा आजार होऊ शकतो, त्यात बाळ लुळं पडतं. वर्ष होईपर्यंत मध नाहीच. हे सगळं खरं. तरीही बदाम देण्याचं जे साधन आज्यांनी शोधलं, त्याच्या तोडीचं मिक्सरवाल्यांकडे नाही.

रात्री एक बदाम भिजत घालायचा. सकाळी साल काढायची, अंगठ्याने दाबलं की सुळकन निघते. मग त्या बदामाचा छोटा तुकडा आधी स्वतः खाऊन बघायचा. हे विसरू नका. गुरबंदी जातीच्या छोट्या बदामात अधूनमधून एखादा कडू निघतो, आणि कडू बदामातून सायनाइड तयार होतं. मोठ्या माणसाला एका दाण्याने काही होत नाही, सात किलोच्या बाळाचं गणित वेगळं. याच कारणासाठी जर्दाळूच्या बिया फोडून 'हा पण बदामच' म्हणून बाळाला देऊ नका. बदाम गोड असेल तर स्वच्छ धुतलेल्या सहाणेवर उकळून गार केलेल्या पाण्याचे चार थेंब टाकायचे आणि गोल फिरवायचं. सहाण बाळाची वेगळी हवी. देवघरातली गंधाची नको, आणि जिच्यावर रोज गुटीची दहा मुळं उगाळली जातात तीही नको. दहा वेढ्यांत दुधासारखा पांढरा गंध उतरतो. बोटाने चोळून बघा, कण लागत नाही. मिक्सरमधली पावडर कितीही फिरवली तरी चाळणीवर खडे राहतात, आणि ज्याला दातच नाहीत त्याला नेमके तेच खडे ठसका लावतात. शिवाय वेढे मोजता येतात. पहिल्या दिवशी दहा, मग वीस, मग अर्धा बदाम. ॲलर्जीवाले डॉक्टर दवाखान्यात काट्याने तोलून मात्रा वाढवतात, तुमच्या सासूबाई वेढ्यांनी वाढवतात.

तर क्रम असा ठेवा. आधी बाळ वरचं अन्न नीट गिळतंय ना, हे बघा. मऊभात, मुगाच्या डाळीचं घट्ट वरण, नाचणीचं सत्त्व, कुस्करलेलं केळं, यातल्या दोन-चार गोष्टी आठ-दहा दिवस चमच्याने खाऊन झाल्या की मेवा. जीभ अजून अन्न बाहेर ढकलत असेल तर थोडं थांबा. पहिल्या मेव्यासाठी दिवस निवडताना बाळ ठणठणीत हवं. सर्दी-ताप-जुलाब नको, त्याच दिवशी किंवा आदल्या दिवशी लस दिलेली नको, नाहीतर ताप लसीचा की पुरळ बदामाचं, हे ना तुम्हाला कळेल ना मला. वेळ सकाळी नऊ-दहाची. रात्री दूध पाजून झोपवताना नवा पदार्थ कधीच नाही. झोपलेल्या बाळाचे ओठ सुजलेले कुणाला दिसतात? आणि पुढचे दोन तास ज्याला मोकळे आहेत तोच घरात हवा, कारण खरी ॲलर्जी बहुतेक वेळा काही मिनिटांत, फार तर दोन तासांत दिसते.

दहा वेढ्यांचा गंध ओळखीच्या पदार्थात, म्हणजे चार चमचे सत्त्वात मिसळा. चमच्याच्या टोकावर येईल एवढं द्या, आणि दहा-पंधरा मिनिटं गप्पा मारत बसा. काही नाही झालं तर उरलेलं द्या. गालावर किंवा हातावर चोळून 'आधी बघतो' म्हणणारे बाबा मला दर महिन्याला भेटतात. तसं करू नका, वर सांगितलं त्या कारणाने ते उलट वाईट.

दुसऱ्या दिवशी तोच बदाम, थोडा जास्त. तिसऱ्या दिवशी आणखी थोडा. मग पुढचा मेवा: काजू. काजूला मी जरा जास्त मान देते. त्याची ॲलर्जी झाली तर बरेचदा थोड्या मात्रेतही जोरात होते. म्हणून काजू पहिल्या दिवशी चिमटीपेक्षाही कमी. मग अक्रोड, मग पिस्ता. दाण्याचं कूट मधेच केव्हाही सुरू करा. आपल्या घरात साबुदाण्याच्या खिचडीपासून काकडीच्या कोशिंबिरीपर्यंत ते असतंच, तेव्हा बाळाला ते लवकर भेटलेलं बरं. दाणे भाजून, साल पाखडून, अगदी वस्त्रगाळ कूट, पेजेत कालवून. तिळाचंही तसंच. नारळ सरळ चालतो, तो या कुळातला नाही. मखाना म्हणजे पाण्यातल्या कमळवर्गीय वेलीचं बी. ॲलर्जीच्या दृष्टीने मला त्याची फार काळजी नाही, पण कोरडा मखाना टाळूला चिकटतो, म्हणून लहान बाळाला शिजवून कुस्करूनच.

एका वेळी एकच नवा मेवा, हा नियम मोडू नका. बाकी सगळं इकडेतिकडे झालं तरी चालेल. सियागंजाच्या बाजारातून आणलेला सव्वा किलोचा मेवा एकदम दळून डबा भरणाऱ्या आया मला ठाऊक आहेत. डब्यावर 'ड्रायफ्रूट पावडर', आत सात वस्तू. त्यातल्या कशाने तरी गांधी उठल्या की सातही बंद करावे लागतात, आणि मग चाचण्या, फेऱ्या, खर्च. बाजारातला दूध-मसालाही तसाच. सगळे मेवे एकेक करून पचल्यावर खुशाल मिश्रण करा, पण पंधरा दिवसांपुरतंच, काचेच्या बरणीत, फ्रिजमध्ये. अक्रोड फार लवकर खवट होतो. जिभेला जरा जरी खवट लागला, काळपट डाग किंवा बुरशी दिसली, तर तो सगळा घाणाच टाकून द्या. महाग असतो, जीवावर येतं, ठाऊक आहे.

आणि एकदा पचला की चालू ठेवा. इथे निम्मे लोक गळतात. बदाम दिला, काही झालं नाही, वा, म्हणून डबा वर ठेवला आणि चार महिन्यांनी पुन्हा काढला, असं नको. शरीराने केलेली ओळख वापरात ठेवली तर टिकते. प्रत्येक मेवा आठवड्यातून निदान एकदा, जमलं तर दोनदा, चहाच्या अर्ध्या ते एक चमच्याएवढी पातळ पेस्ट. काटेकोर मोजू नका. सोमवारी-गुरुवारी बदाम-काजू, मंगळवारी-शनिवारी अक्रोड-पिस्ता असं फ्रिजच्या दारावर लिहून ठेवलं तरी पुरे. त्यापेक्षा जास्त देऊन बुद्धी वाढत नाही. अक्रोड मेंदूसारखा दिसतो म्हणून मेंदूला चांगला, असं असतं तर राजम्याने काय काय झालं असतं! उलट मेव्याने पोट भरलं की बाळ वरण-भात खात नाही. या वयात लोह जास्त महत्त्वाचं, आणि ते बदामातून पुरत नाही. लोहाचे थेंब सुरू केले नसतील तर आधी ते विचारा.

रूपाबद्दल एक माझी स्वतःची फजिती सांगते. माझी मुलगी आठ महिन्यांची असताना मी बदामाची पेस्ट मोठ्या हौसेने मिक्सरमधून काढली, पाणी कमी घातलं, छान लोण्यासारखा गोळा झाला. तो चमच्यावर घेतला आणि तसाच तिच्या तोंडात. टाळूला चिकटला. तिला ना गिळता येई ना थुंकता. चेहरा लालबुंद, डोळ्यांत पाणी. खोकत होती म्हणून मला कळत होतं की श्वास चालू आहे, पण दवाखान्यात इतरांना शांत राहायला सांगणारी मी, हातपाय गार. खोकून खोकून तिनेच बाहेर काढला. तेव्हापासून मी प्रत्येक आईला सांगते: चमचा उलटा केला तर पेस्ट ओघळली पाहिजे. ओघळत नसेल तर कोमट पाणी किंवा अंगावरचं दूध घाला. कोरडी पूड चिमटीने जिभेवर कधीच ठेवू नका, श्वासाबरोबर आत जाते.

अख्खा किंवा अर्धा मेवा, दाणे, फुटाणे, यांना पाच वर्षांपर्यंत बंदी. ॲलर्जीपेक्षा या एका गोष्टीने मी जास्त मुलं संकटात सापडलेली बघितली आहेत. दीड-दोन वर्षांचं मूल, लग्नघरात कुणीतरी हातावर शेंगदाणे ठेवलेले, ते तोंडात घेऊन पळताना पडलं, ठसका लागला, थोड्या वेळाने शांत झालं. सगळे विसरले. मग दहा दिवस खोकला, दोन वेळा अँटिबायोटिक, एक्स-रे जवळजवळ नॉर्मल. स्टेथोस्कोप लावला तर उजव्या बाजूला हवा कमी. दाणा श्वासनलिकेच्या उजव्या फांदीत बसून फुगलेला. मग भूल देऊन दुर्बिणीने काढायचा. तेव्हा ठसक्यानंतर बाळ 'बरं झालं' तरी तो प्रसंग तारखेसह लक्षात ठेवा आणि डॉक्टरांना आपणहून सांगा. आणि खाताना बाळ बसलेलंच हवं, गाडीत नाही, रांगताना नाही, हसवत-हसवत तर नाहीच.

अडकलंच तर? जोरात खोकतंय, रडतंय, आवाज येतोय, तर खोकू द्या, पाठीवर थापट्या मारू नका. आवाजच बंद झाला, ओठ निळसर पडायला लागले, तर बाळाला पालथं आपल्या हातावर, डोकं खाली, दोन खांद्यांच्या मधे तळहाताच्या टाचेने पाच ठोके. नाही निघालं तर उताणं करून छातीच्या मध्यावर एका तळहाताच्या टाचेने पाच दाब. आलटून पालटून, आणि दुसऱ्याने तोवर 108 लावायचा. घशात दिसत नसताना बोट घालून चाचपू नका, आणखी आत जातं. हे वाचून येत नाही. बाहुलीवर एकदा हाताने करून घ्या, सासूबाईंनाही बसवा, कारण दुपारी बाळ त्यांच्याकडेच असतं.

आता ॲलर्जीची खूण कोणती आणि घाबरायचं किती. टोमॅटो, लिंबू, संत्रं अशा आंबट गोष्टींनी तोंडाभोवती नुसती लाली येते, धुतली की तासाभरात जाते. ती ॲलर्जी नसते. गांधी वेगळ्या. आपल्याकडे त्याला 'पित्त उठलं' म्हणतात आणि कोकमाचं सरबत शोधतात. फुगीर, खाजरे, जागा बदलणारे चट्टे, ओठ-पापण्या सुजणं. नुसत्या अंगावर दोन-चार गांधी आल्या, बाळ हसतंय, खेळतंय, तर तो मेवा थांबवा, वयाप्रमाणे डॉक्टरांनी ठरवलेलं ॲलर्जीचं औषध द्या, फोटो काढून ठेवा, आणि त्याच दिवशी दाखवा. तोच पदार्थ घरी पुन्हा 'बघू बरं' म्हणून देऊ नका.

पण गांधींबरोबर उलट्या सुरू झाल्या, किंवा आवाज घोगरा झाला, छातीत घरघर, सारखा खोकला, बाळ पांढरंफटक आणि मलूल, मान टाकतंय, तर वाट बघायची नाही. ही ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे सगळ्या शरीरावर एकदम आलेली जीवघेणी ॲलर्जी. याचं औषध एकच, ॲड्रिनलिनचं इंजेक्शन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. सिरपने गांधी मावळतात, पण श्वास आणि रक्तदाब सिरप सांभाळत नाही. परदेशात लोक पेनासारखं तयार इंजेक्शन खिशात घेऊन फिरतात, आपल्याकडे ते सहज मिळत नाही. त्यामुळे तुमच्या घरापासून रात्री-बेरात्री उघडं असलेलं सगळ्यात जवळचं रुग्णालय कोणतं, हे आजच ठरवून ठेवा. ॲड्रिनलिनची कुपी छोट्या नर्सिंग होममध्येही असते आणि ती महाग नसते. वाटेत बाळाला आडवंच ठेवा, खांद्यावर उभं धरू नका. उलटी होत असेल तर कुशीवर. बरं वाटलं तरी लगेच घरी परतायचं नाही, काही तासांनी दुसरी लाट येऊ शकते.

एवढं सगळं वाचून 'नकोच ते' वाटेल, म्हणून सांगते, इतक्या वर्षांत माझ्या दवाखान्यात येणाऱ्या बाळांत दुधाची आणि अंड्याची ॲलर्जीच जास्त दिसली आहे. मेव्याची कमी. वर्षाखालच्या बाळांमध्ये पहिल्या चमच्याला जीवघेणं होणं तर फारच विरळ.

'आधी रक्ताची चाचणी करून घेऊ का?' हे तुम्ही विचारलं नाहीत, पण विचाराल. नको. काही न खाल्लेल्या, ठीक असलेल्या बाळाचं पन्नास पदार्थांचं पॅनेल केलं तर चार-पाच ठिकाणी 'पॉझिटिव्ह' येतंच, आणि ते खरं असतंच असं नाही. शरीराने पदार्थ ओळखला आहे एवढंच त्यातून कळतं, खाल्ल्यावर त्रास होईल का हे कळत नाही. असे कागद घेऊन गहू-दूध-मेवा सगळं बंद केलेली, वजन घटलेली मुलं माझ्याकडे आली आहेत. बाळाला तीव्र एक्झिमा असेल, म्हणजे अंगभर, रात्रभर खाजवणारा, स्टेरॉइडचं मलम सारखं लागणारा, किंवा अंड्याची-दुधाची ॲलर्जी आधीच सिद्ध झालेली असेल, तर घरी सुरू करण्याआधी डॉक्टरांना दाखवा. पहिला घास कदाचित दवाखान्यात बसून द्यावा लागेल. तुमच्या मुलीचे चट्टे त्यात बसत नाहीत. आत्येबहिणीला ॲलर्जी आहे म्हणून तिला थांबवण्याचंही कारण नाही. तुम्ही स्वतः डिंकाचे लाडू खाताय तेही खा. आईने मेवा सोडल्याने बाळाची ॲलर्जी टळते असं दिसलेलं नाही.

बाहेरच्या खाण्यात मात्र जपा. इतर गावांत शिकंजी म्हणजे लिंबूपाणी, आपल्या इंदूरची शिकंजी म्हणजे आटवलेलं दूध आणि मेवा. पाहुणे छप्पन दुकान या खाऊगल्लीत घेऊन गेले की कौतुकाने बाळाच्या ओठाला चमचा लागतोच. पाकिटबंद वस्तूवर कुठला मेवा आहे ते छापणं बंधनकारक आहे, सुट्या मिठाईवर ते नसतं.

राहिला रविवार. उष्टावणाची खीर फक्त तांदूळ आणि दूध, वेलदोडा चिमूटभर. बाळाच्या वाटीत साखरही नको. मामा चांदीच्या वाटीतली दोन बोटं चाटवेल, फोटो निघेल, झालं. त्या दिवशी घरात पंचवीस माणसं, बाळ या हातातून त्या हातात, त्यात ओठ सुजले तर कुणाला कळणार आहे? बदाम त्यानंतरच्या दुसऱ्या बुधवारी, घर शांत असताना. सासूबाईंना उगाळायला बसवा. त्या फार मनापासून करतील.

आणि ती पाहुणी, नणंदेची मुलगी, रविवारी येणारच असेल. तुमच्या पूर्ण पत्रात मला सगळ्यात जास्त काळजी तिची वाटली. ओठ, गांधी आणि दोन उलट्या, दहा मिनिटांत, काजूवर. ही 'थोडी ॲलर्जी' नाही. सिरपने बरी झाली हे नशीब. काजूची ॲलर्जी असणाऱ्या बहुतेकांना पिस्ताही चालत नाही, दोघं एकाच कुळातले. चारोळीही त्याच कुळातली. दिवाळीनंतर तिने पिस्ता खाल्ला आहे का, हे नणंदेला आजच फोन करून विचारा. काजू तर बंदच. पिस्ता खाल्ला नसेल तर डॉक्टरांना दाखवेपर्यंत पिस्ता, चारोळीही बंद. तिची चाचणी करायला हवी, आणि अशा मुलाला दुसऱ्यांदा झालं तर काय करायचं याचा एक कागद डॉक्टरांकडून लिहून घ्यायला हवा, जो तिच्या बालवाडीतही राहील. रविवारी मोठ्यांच्या खिरीतही काजू-पिस्ता-चारोळी घालू नका, आणि मिठाईचं ताट तिचा हात पोहोचेल अशा तिपाईवर ठेवू नका.